नक्कल रुजू झाली का?

विशाळगड म्हटलं की आपल्याला 1660 ची पावनखिंड आठवते. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी शाहूवाडी तालुक्यातला हाच गड पुन्हा एकदा कामाला आला. त्या कामगिरीबद्दल फारसं बोललं जात नाही.

मार्च 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड जुल्फिकार खानाच्या हाती गेला. राजाराम महाराज दूर तमिळ मुलखात, जिंजीला. राजधानी गेली, पण राज्य बुडालं नाही. 'हुकुमतपनाह' हा किताब मिळालेले रामचंद्रपंत अमात्य विशाळगडाच्या आधाराने इथला कारभार हाकत राहिले. संगणकाच्या क्षेत्रात ज्याला 'डिझास्टर रिकव्हरी साइट' म्हणतात, म्हणजे मूळ ठिकाण पडलं तर कारभार उचलणारी दुसरी जागा, ती सतराव्या शतकात आपल्या तालुक्यात होती.

ही तुलना मला भाच्यामुळे सुचली. तो नवी मुंबईत मेनफ्रेमवर काम करतो. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारा अवाढव्य संगणक. आयबीएमने 1964 मध्ये 'सिस्टम/360' जाहीर केला, तेव्हापासून हे घराणं चालत आलंय. 1999 च्या अखेरीस या यंत्रांसाठी लिनक्सही उपलब्ध झालं. आज 'झेड/व्हीएम' या प्रणालीच्या पोटात एकाच यंत्रावर शेकडो लिनक्स नांदतात, आणि त्यांच्या डिस्कांच्या नकला काढून ठेवणं हे भाच्यासारख्यांचं काम.

ईदला घरी आला तेव्हा त्याने आधीच्या नोकरीतली एक रात्र सांगितली. "मामू, बॅकअप रोज होत होता. अहवालात रोज 'यशस्वी' लिहून यायचं. पहिल्यांदा रिस्टोरची तालीम केली आणि लिनक्स उठलंच नाही."

का उठलं नाही? पहिलं कारण, लिनक्स चालू असताना बाहेरून डिस्कची नक्कल घेतली होती. चालू लिनक्स बरंच लिखाण आधी स्मृतीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. म्हणजे कारकुनाचं अर्धं वाक्य अजून डोक्यात असताना कागद उचलून नेण्यासारखं झालं. दुसरं, एकच फाइल-व्यवस्था चार डिस्कांवर पसरलेली होती आणि त्यांच्या नकला एकामागून एक घेतल्या होत्या. पहिल्या आणि चौथ्या डिस्कच्या मधे व्यवहार पुढे सरकले. चार पानं चार वेळची, मग हिशेब जुळणार कसा? अशा वेळी लिनक्स बंद करावं लागतं, किंवा लिखाण क्षणभर गोठवून सगळ्या डिस्कांची नक्कल एकाच क्षणाची घ्यावी लागते. 'फ्लॅशकॉपी'सारखी सोय त्यासाठीच आहे.

तिसरी गंमत नावाची. झेड/व्हीएममधला 'डीडीआर' हा जुना कार्यक्रम डिस्क जशीच्या तशी उतरवतो, तिच्यावरचं सहा अक्षरी नावही. मूळ आणि नक्कल एकाच यंत्राला जोडल्या तर खरी कोणती, असा घोळ होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचं वाटेल. राजारामकाळाच्या धामधुमीत एकाच वतनावर दोन दावेदार आणि दोघांच्याही हातात सनदा, असे तंटे कमी नव्हते.

यावर जुन्या दफ्तराचं उत्तर एका शब्दात होतं. आपल्या पत्रांवर 'रुजू सुरनिवीस' असा शेरा सापडतो. रुजू म्हणजे ताडून पाहिलेलं. मूळ अरबी 'रुजूअ'चा अर्थ मात्र परत येणं. नकलेला 'तालीक' म्हणत आणि ती असल कागदाशी रुजू घातल्यावरच तिला किंमत. कागद लुटीत किंवा आगीत गेला तर गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हजर असत, अनेक ठिकाणी काझीही. साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. 'महजर' या शब्दातच 'हजर' आहे. माणसांच्या आठवणीतून केलेलं रिस्टोरच ते.

रायगडावरचं शिवकालीन दफ्तर आज आपल्यापुढे नाही. मग महाराजांची पत्रं आली कुठून? ज्यांना ती लिहिली गेली त्यांच्या घरांतून. देशमुखांच्या वाड्यांतून, मठांतून, काझी आणि मुजावरांच्या पेट्यांतून मोडी आणि फार्सी कागद जगले. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून हेच विखुरलेलं दफ्तर गोळा केलं. मध्यवर्ती जागा गेली तरी दूरदूरच्या प्रती टिकल्या, म्हणून आपल्याला इतिहास आहे.

'दूर' हा शब्द महत्त्वाचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली एकाच वेळी पाण्यात होती. एकीची नक्कल दुसरीत ठेवून काय उपयोग? आणि दुसरी जागाही अमर नसते. जून 1702 मध्ये विशाळगड औरंगजेबाने घेतलाच. पण तेरा वर्षं त्याने कारभार तगवला होता. तोवर राज्य एका गडावर अवलंबून राहिलं नव्हतं, ताराबाई लढत होत्या.

आज सातबारा संगणकावर आहे, घरच्या सनदांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत, आणि आपण निर्धास्त आहोत. एकदा ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. शेवटची ओळ वाचता येते का, शिक्का दिसतो का, मागची बाजू आहे का, हे असल कागदाशी ताडा. भाचा आता दर तिमाहीला रिस्टोरची तालीम करतो. अहवालात 'यशस्वी' दिसलं तरी त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "उठवून पाहिलं का?"

सुरनिवीस त्यालाच 'रुजू' म्हणत असे.