मुलांसाठी घरीच क्लाइंबिंग वॉल? आधी भिंत कोणती, ते बघा

२०२१ मध्ये टोकियोत क्लाइंबिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळलं गेलं. बेंबळीसारख्या गावात परसात मोकळी जागा असते, त्यामुळे लहान वॉल घरीही करता येते.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीला मात्र होल्ड ठोकू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवमध्ये अशाच भिंती कोसळून हजारो जीव गेले. माती सुटलेल्या भिंतीतला दगड मुलाच्या ओढीनेही निखळू शकतो.

मग काय करायचं?

चौकट: काँक्रीटमध्ये गाडलेले लोखंडी खांब, त्यावर १८ मिमी मरीन प्लाय.

होल्ड: प्लायच्या मागून टी-नट, पुढून १० मिमी बोल्ट. भोकं साधारण २० सेंमी अंतरावर.

उंची: लहान मुलांना वर नव्हे, आडवं सरकू द्या. पाय जमिनीपासून ३ फुटांच्या वर नकोत.

खाली: फरशी नको. वॉलसमोर आणि दोन्ही बाजूंना ६ फुटांपर्यंत ९ इंच सैल वाळू.

चढण्याआधी: अंगठी, ओढणी, गळ्यातला दोरा काढा. बोल्ट अधूनमधून आवळा. मोठं माणूस जवळ हवंच.

खर्च वाचवायचा असेल तर होल्ड कमी लावा. चौकट आणि वाळूत काटकसर नको.