नुक्ता आणि जेपेग

नांदेडला किंवा लातूरला सेवा केंद्रावर अर्ज भरायला जा. फोटो जेपेगमध्ये हवा, आणि तोही अमुक केबीच्या आत, असं सांगतात. ही केबीची भानगड काय, अन् आपल्या जुन्या कागदांशी तिचा संबंध काय, ते पाहू.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांचे कोष्टक. दहा लाख ठिपक्यांचे चित्र जसेच्या तसे ठेवायचे तर सुमारे 3 एमबी जागा लागते. ती वाचवण्याच्या रीती दोन. पहिली आपल्या जुन्या दप्तरांतही दिसते. तेच नाव पुन्हा न लिहिता कारकून ‘सदरहू’ लिहून मोकळे होत. शाई वाचली, मजकूर मात्र शाबूत! 1996 साली आलेली पीएनजी या जातीची.

दुसरी रीत जेपेगची. मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी 1974 साली दोन सहकाऱ्यांसह एक गणिती पद्धत मांडली. तिच्या पायावर 1992 साली जेपेगचे प्रमाण उभे राहिले. त्यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतात. लग्नाच्या फोटोला हे खपून जाते. पण गाळलेले परत येत नाही, बरं का. फेरफार करून पुन्हा साठवले की आणखी थोडे जाते.

आता मुद्द्याचे बोलू. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; जुने कागद उर्दूत आणि मोडीत. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी ही दप्तरे पुन्हा उघडली. उर्दूत ‘बे’, ‘पे’ आणि ‘ते’ यांत फरक केवळ नुक्त्यांचा. फार दाबलेल्या जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला करडे डाग उठतात. त्यात एखादा नुक्ता बुडाला, तर नाव वाचायचे कसे? आणि नावावर तर दाखला अवलंबून!

ही भीती पोकळ नाही. 2013 साली जर्मनीत डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिले, की एका यंत्राच्या निराळ्या दाबपद्धतीमुळे स्कॅनमध्ये 6 च्या जागी चक्क 8 उमटत होता.

तेव्हा आजोबांचा कागद स्कॅन कराल, तर मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीत ठेवा. अर्जाला जोडायची जेपेग ही तिची नक्कल समजा. आणि अस्सल कागद? तो कोरड्या जागी, नीट बांधून जपा.