शेवटच्या दिवसांतलं गाणं: इचलकरंजी ते मॉन्ट्रियल

इचलकरंजी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, यंत्रमाग आणि बाळकृष्णबुवा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. आणि बुवांनी वासुदेवबुवा जोशींकडे शिकून ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवला. आज मैफलीचं नाही, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी होणाऱ्या गाण्याचं बोलू.

बुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर, इथून जवळच्या कुरुंदवाडचे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे रामनामाकडे वळले, १९३१ मध्ये मिरजेत गेले. मला या वळणाचं महत्त्व वेगळंच वाटतं. ख्याल आपण ऐकतो. धून मात्र ज्याला सूर नाही तोही म्हणतो. घरच्या माणसांना अशा वेळी तेच लागतं, काहीतरी करायला.

पण आमच्याकडे गंमत अशी की भजनी मंडळ येतं ते बहुतेकदा माणूस गेल्यावर. आधी टाळ वाजले तर शेजारीपाजारी विचारणार, 'काय, आटोपलं का?' अपशकुनाची ही भीती खरी असते, हसण्यावारी नेऊ नका.

मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये डॉ. बाल्फोर माउंट यांनी १९७५ मध्ये मरणासन्न रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. तिथल्या संगीतोपचारक सुझन मन्रो आणि माउंट यांनी १९७८ मध्ये या कामावर लेख लिहिला. सूत्र साधं: रुग्णाला काय आवडतं ते आधी विचारा, घरच्यांना सामील करून घ्या. वेदनेवरचं औषध चालूच राहतं, गाणं त्याच्या जागी नाही.

आमचे आजोबा माग चालवायचे. शेवटच्या आठवड्यात मी मोबाईलवर बासरी लावली. आजी म्हणाली, "बंद कर बाळा ते. खिडकी उघड, त्यांना मागाची खटखट ऐकू दे." मग ती स्वतः हळू आवाजात जात्यावरची ओवी म्हणायला लागली. आजोबांनी डोळे उघडले नाहीत, पण पांघरुणावरची बोटं हलत होती.

२०२० मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या काही रुग्णांच्या ईईजीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी काहींचा मेंदू सुरांमधला बदल टिपत होता. शब्द कळतात का, हे त्यावरून सांगता येत नाही. आजीने ते विचारलंही नव्हतं. तिची ओवी पहाटेपर्यंत चालू होती.