पहिली बाई, पण कुणाची पहिली?

सिनेमाच्या इतिहासात एक ओळ ठरलेली : पडद्यावरच्या पहिल्या बाया म्हणजे दुर्गाबाई कामत आणि तिची पोर कमलाबाई. फाळक्यांचा 'मोहिनी भस्मासुर', साल १९१३. आई पार्वती, १३ वर्षांची पोर मोहिनी.

ओळ खरी आहे, दोस्तांनो. पण ती घडली कशी ते बघा. आधीच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळके बाई शोधत हिंडले. कोठीवरच्या बायकांनीसुद्धा नाही म्हटलं. माडीवर नाचू, पण सिनेमा नको! शेवटी ग्रँट रोडच्या खाणावळीत राबणारा साळुंके लुगडं नेसून तारामती झाला.

दुर्गाबाई नवऱ्यापासून सुटी झालेली, पदरात पोर. अशा बाईनं तेव्हा दुसऱ्याच्या चुलीपुढं आयुष्य काढायचं. तिनं नाटक कंपनी धरली. जातवाल्यांनी वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कमलाबाई कंपनीतच वाढली, तिथंच रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. नवरा लवकर गेला. तीन पोरं जगवायची म्हणून ती रंगभूमीवर पुरुष पार्टंही करत राहिली. थेट १९८० च्या 'गहराई'त ती दिसते. तिच्या घामाला मी कमी लेखत नाही. भूक ती भूक.

पण 'पहिली' म्हणताना मोजणी कुठून सुरू करता? आमच्या मुरबाडकडं म्हसाच्या जत्रेत गुरांचा बाजार आणि तमाशा, दोन्ही जुने. फडावरच्या नाचणाऱ्या महारा-मांगाच्या, कोल्हाट्याच्या. फाळक्यांनी कॅमेरा आणला त्याच्या आधीपासून संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा उघड्या फडावर उभी होती. महाराची लेक, देवाला वाहिलेली मुरळी. पठ्ठे बापूरावांची लावणी तिच्या गळ्यातून, तिच्या पायातून गावोगाव गेली. माणसं तिकीट काढून तिला बघायला यायची.

वरच्या जातीची बाई फडावर आली की इतिहास घडतो. आपली बाई नाचली की म्हणायचं, तिचं कामच ते. पोटासाठी दोघी उभ्या राहिल्या. एकीला धाडस म्हटलं, दुसरीला धंदा.

कमलाबाई म्हातारपणी कॅमेऱ्यापुढं स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडानं बोलली. रीना मोहननं तिच्यावर माहितीपट केला. बरंच झालं. मराठी सिनेमा १९३२ ला बोलायला लागला. पवळा १९३९ पर्यंत जिवंत होती. पुढं १९५० ला सिनेमा निघाला, त्याचं नाव 'पठ्ठे बापूराव'.