गाडीचं काम 'निघतं' म्हणजे काय? परळचा रेल्वे कारखाना ते गल्लीतलं गॅरेज

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हे इतिहासाचं व्याख्यान की गॅरेजचं? दोन्हीचं आहे. आपण मराठीत म्हणतो, 'गाडी गॅरेजला टाकली होती, काम निघालं.' ते कोणी काढलं, हे आपण सांगत नाही. विहिरीला पाणी लागावं तसं ते आपोआप निघतं. (हशा) गेल्या वर्षी माझ्याही गाडीचं निघालं. मागचा ब्रेक वाजतो म्हणून सकाळी गाडी नेली. संध्याकाळी फोन आला: लायनर गेलेत, ड्रम घासलेत, शिवाय क्लच प्लेट संपली आहे, टाकू का? मी 'टाका' म्हणालो. का म्हणालो, त्याचा विचार नंतर सुरू झाला आणि तो मला थेट परळच्या रेल्वे कारखान्यापर्यंत घेऊन गेला.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत शिकतो. पण धावणारं यंत्र बिघडतं, आणि बिघडलेलं दुरुस्त करायला कारखाना लागतो, हे धड्यात नसतं. जी.आय.पी. रेल्वेचा कारखाना आधी भायखळ्याला होता, १८७९ साली तो परळला आला. रुळांच्या पलीकडे, लोअर परळला, बी.बी.सी.आय.चा डब्यांचा कारखाना. भोवती गिरण्या. म्हणजे यंत्राचं काय बिघडलंय हे ओळखून पोट भरणारी माणसं या भागात पिढ्यान् पिढ्या राहिली.

रेल्वेत हे ओळखण्याची एक पद्धत होती, ती नीट बघण्यासारखी आहे. यार्डात गाडी लागली की टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर, डब्यांच्या बाजूने चालत जायचा. हातात लांब दांड्याची हातोडी. चाकावर ठोका मारायचा आणि कान द्यायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चाकाला तडा असण्याची शंका. चाकाची कड किती झिजली ते गेज लावून बघायची. झिजण्याची हद्द ठरलेली, आणि ती ओलांडली की वॅगनवर 'सिक' अशी खूण. सिक वॅगन सिक लाइनला जायची आणि तिथे दुसरी माणसं तिचं काम करायची.

यात दोन गोष्टी आहेत. बिघाड सांगणारा आणि दुरुस्ती करणारा एक नव्हता, त्यामुळे जास्त वॅगन सिक ठरवून टीएक्सआरच्या पगारात काही वाढ होत नव्हती. आणि 'झिजलंय' हे मत नव्हतं, तो गेजवरचा आकडा होता. रेल्वेत सगळे हरिश्चंद्र होते असं माझं म्हणणं नाही. पण खोटं बोलायचं तर आकडा खोटा लिहावा लागे, आणि दुसरा माणूस तेच गेज लावून तो पुन्हा बघू शकत होता.

आता रस्त्यावर या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० येऊ लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी म्हणून आपण सगळे तिच्यात बसलो. या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचं पोट उघडं होतं. कार्बोरेटर, प्लग, पॉइंट, सगळं बॉनेट उघडलं की समोर. मिस्त्री म्हणाला 'इंजिन खोलावं लागेल', तर जाणता टॅक्सीवाला लगेच मान डोलावत नसे. प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघायचं. एखादा कमी भरला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा बघायचं. कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. नाही वाढलं तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा, किंवा हेड गॅस्केटचा. म्हणजे इंजिन न खोलता कळत होतं की हेड उतरवून भागेल की खालपर्यंत जावं लागेल. खर्चात केवढा फरक!

टॅक्सीला आरटीओचं पासिंग होतं. म्हणजे तपासणारा वेगळा, रेल्वेसारखाच. पण गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही, एवढंच पासिंग सांगतं. सुचवलेल्या पाच कामांतली कुठली तीन फालतू, हे ते सांगत नाही. उलट 'पासिंगला लागेल' असं म्हटलं की घासाघीस तिथेच थांबते.

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असं मात्र समजू नका. १९४१ साली अमेरिकेत रीडर्स डायजेस्टने एक प्रयोग केला. धडधाकट गाडीची कॉइलची एक तार मुद्दाम सोडवायची आणि गाडी गॅरेजात न्यायची. अशी ३४७ गॅरेजं झाली. तार जोडून सरळ वागणारी १२९. उरलेल्या २१८ ठिकाणी नको ते काम, नको तो पार्ट किंवा अवाच्या सवा बिल. १९७१ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: आधी लेखी अंदाज द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने मागितला तर काढलेला जुना पार्ट परत करायचा. मला यातली जुन्या पार्टची अट फार शहाणपणाची वाटते. काढलेला पार्ट हा पुरावा आहे.

आपल्याकडे २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा आरोप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण मुद्दा बघा, आता हातोडी आणि गेज कंपनीच्या कपाटात. आणि स्क्रीनवर कोड आला म्हणजे पार्ट गेला असंही नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड तुटक्या वायरीमुळे येतो, गळक्या पाइपामुळेही येतो. कोड कुठे शोधायचं ते दाखवतो, शोध माणसालाच घ्यावा लागतो. गेज म्हणून आपल्या हातात आज उरलंय ते टायरमध्ये. खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली. तो टायर बदलायचाच, तिथे वाद नाही.

मिस्त्रीची बाजूही सांगतो. 'उघडलंच आहे तर' हे वाक्य नेहमी लबाडीचं नसतं. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरवलाच आहे तर शेजारचं बेअरिंगही बदला, असं कोणी म्हणालं तर ऐकावं, नाहीतर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

पण इथेच माझी ट्यूब पेटली. ब्रेकच्या कामाला गिअरबॉक्स उतरत नाही. ड्रम उघडला, लायनर दिसले, हे समजू शकतो. क्लच प्लेट त्याला दिसली कुठून? ती संपत आली असती तर चालवताना कळलं असतं. वरच्या गिअरमध्ये, चढावर, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही. माझी गाडी तसं काही करत नव्हती. आणि गाडी चालवून बघितली का, हे मी फोनवर विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांनी जुनी प्लेट मागायला गेलो. ती भंगारात गेली होती.

कोणाला प्रश्न असतील तर आता घेऊ.