पेशव्यांच्या राहत्या वाड्यात महापालिकेचं ऑफिस कसं मावलं?

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून जाताना लाकडी सज्जाची एक लांबलचक इमारत दिसते. रील सगळेच काढतात. पण हा विश्रामबागवाडा आधी दुसऱ्या बाजीरावाचं घर होता आणि नंतर पुणे महापालिकेचं ऑफिस, हे फार जणांना माहीत नसतं.

वाडा १८०७ च्या सुमारास बांधला गेला, खर्च आला अंदाजे दोन लाख रुपये. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्याच पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. नगरपालिका आली १९३० मध्ये. १९५० ला तिची महापालिका झाली आणि त्यानंतरही काही वर्षं कारभार इथूनच चालला.

आता घराचं ऑफिस करायचं तर एरवी किती तोडफोड होते! इथे वाड्याची रचनाच कामी येण्यासारखी होती. मध्ये चौक, त्याभोवती सोपे आणि सोप्यांच्या मागे खोल्या. असे तीन चौक. उजेड आणि वारा चौकातून येतो, त्यामुळे आतली खोलीही अंधारी राहत नाही. शिवाय प्रत्येक खोलीत सोप्यातून जाता येतं, दुसऱ्याची खोली ओलांडावी लागत नाही. एका खोलीत एक खातं बसवा, लोक सोप्यात थांबतील. वरच्या मजल्यावरचं मोठं दालन तर दरबार आणि नाचगाण्यासाठीच होतं, गर्दीची त्याला सवयच! तिथले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि त्यांच्या वरची केळफुलाची नक्षी मात्र मान वर करूनच बघायला हवी.

लाकूड म्हटलं की आगीची भीती आलीच. १३ मे १८७९ च्या रात्री लागलेल्या आगीत जवळचा बुधवारवाडा संपला, विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. बुधवारवाडा पुन्हा कधी उभा राहिला नाही. विश्रामबागवाडा मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून सावरला गेला. माझ्या मते फरक वापराचा होता. ज्या इमारतीत रोज कुणाचं तरी काम असतं, तिच्यासाठी वर्गणी निघते.

इंदापूरकरांना हे नवीन नाही म्हणा. त्यांनी मालोजीराजांच्या गढीत तहसील कचेरी पाहिली आहे. पण तिथे तटबंदीच्या आत सरकारी कामकाज चाललं, पुण्यात थेट राहत्या दालनांत फायलींची कपाटं लागली.