मुसळ, मातीचा गोळा आणि खांदा

खांद्याची हालचाल हातांनी मोकळी करण्याची विद्या, हा आजचा विषय. त्यासाठी मी तुम्हाला काशीला, संकठा घाटावर घेऊन आलो आहे. एका बाजूला शिंद्यांचा घाट, दुसऱ्या बाजूला थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही. पण आजची गोष्ट या घाटांहून बरीच जुनी आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी सांगतो आणि सुश्रुत व त्याचे सहाध्यायी ऐकतात, अशी सुश्रुतसंहितेची मांडणी आहे. म्हणजे हा ग्रंथ स्वतःचं नातं याच नगरीशी सांगतो.

खांद्याचा गोळा मोठा आणि खोबण उथळ. म्हणून शरीरात सर्वांत जास्त फिरणारा सांधा हाच आणि सहज निखळणाराही हाच. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात सुश्रुत सांगतो, की खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून वर उचलावं आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिक पद्धतीने पट्टी बांधावी. मोडलेल्या-निखळलेल्या हाडांसाठी तो एकूण चार कृती देतो: ओढणं, दाबणं, जुळवणं आणि बांधणं.

हे वाचलं की ‘जगात पहिले आपणच’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. ग्रीक हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथातही काखेत टाच रोवून हात ओढण्याची रीत आहे, आणि मुसळही आहे. गरज सगळीकडे तीच होती, उपायही सारखे सुचले.

सुश्रुताचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात, वातव्याधींमध्ये, तो ‘अवबाहुक’ सांगतो. त्यात खांद्याचे बंध सुकतात, सिरा आखडतात. निखळलेला खांदा एका प्रकरणात, आखडलेला दुसऱ्यात. मुसळ फक्त पहिल्याला. वातव्याधींच्या उपचारात भर आहे तो तेलावर आणि शेकावर.

आणखी एक तपशील पाहा. तळहाताचं हाड मोडलं असेल तर बरं होताना आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मीठ, आणि हातात बळ आल्यावर दगड. भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती.

आपल्याकडे ही हाताची विद्या पुढे तालमींनीही सांभाळली. मालीश करणारा आणि सांधा बसवणारा बहुधा एकच उस्ताद असे. बडोद्यात जुम्मादादांचा आखाडा पुढे चालवणारे राजरत्न माणिकराव व्यायामगुरू होते, तसेच हाडासांध्यांवरच्या उपचारांसाठीही नावाजलेले होते.

पश्चिमेकडे अमेरिकेतले डॉक्टर अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली आखडलेल्या खांद्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्याला द्यायच्या झोक्यांचे चार दर्जे ठरवले. पहिले दोन हलके, दुखणं शमवण्यासाठी. पुढचे दोन अडलेल्या टोकाशी, ताठरपणा घालवण्यासाठी. हात वर जाताना खांद्याचा गोळा खोबणीत खाली घसरावा लागतो. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट नुसता हात वर रेटत नाही. तो आधी सांधा हलका ओढून घेतो आणि गोळा हळूच खाली सरकवतो.

हे सगळं सांगायचं कारण एकच. आजही खांदा दुखला की कोणीतरी म्हणतं, ‘एक हिसका दिला की सुटेल.’ आखडलेल्या खांद्याला असा हिसका बसला तर स्नायुबंध फाटू शकतो. वय झालेल्या, ठिसूळ हाडांच्या माणसाचं दंडाचं हाडही मोडू शकतं. तेव्हा घरातल्या कोणाचा हात वर जात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा: खांदा निखळलाय की आखडलाय? उत्तर मिळेपर्यंत त्या हाताला कोणालाही हिसका देऊ देऊ नका.